कोहा: आहेर घेताना वही उघडून बसणारं सॉफ्टवेअर

२०२१च्या पुरानंतर महिनाभरात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तेवीस गोणी पुस्तकं आली. चिपळूणला २२ जुलैला पाणी भरलं. आमचा तळमजला गेला आणि चार हजारांवर पुस्तकं लगदा झाली. ते पेपरात छापून आलं आणि लोकांना पाझर फुटला. टेम्पो कॉलेजच्या फाटकात उभा राहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग गोणी सोडल्या. मी आणि आमचे परिचर काका गॅलरीत सतरंजी टाकून बसलो. पहिल्या गोणीत २००३ सालची बी.कॉम.ची गाइडं. दुसरीत कुठल्याशा बँकेच्या कोऱ्या डायऱ्या. तिसरीत मासिकांचे सुटे अंक, त्यातल्या तिघा-चौघांना वाळवी, म्हणजे पुरातून वाचलेली कपाटंही गेलीच असती. एका जाडजूड शब्दकोशाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत "लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम", तारीख १९८७, आणि आतली पानं एकमेकांना चिकटलेली, कधीच न उघडलेली. सुमारे एकोणीसशे पुस्तकांतून आम्ही २१२ घेतली. बाकीची परत न्यायला कोणी तयार होईना. एका देणगीदाराने फोनवर ऐकवलं, "पूरग्रस्तांना एवढा माज?"

ग्रंथालयाबाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं, त्याला दाखल क्रमांक पडला, की ते संस्थेचं. मग त्याला बारकोड, पाठीवर लेबल, वर्गांक, तालिकेत नोंद आणि कपाटात तीन सेंटिमीटर जागा द्यायची. दरवर्षीच्या पडताळणीत ते हजर दाखवायचं. आणि काढून टाकायचं म्हटलं तर समिती, ठराव, यादी, प्राचार्यांची सही. आत घ्यायला एक मिनिट, बाहेर काढायला दोन वर्षं. आपल्याकडची म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय. म्हणीत टोमणा दात विचारणाऱ्याला आहे. मी मात्र विचारणाऱ्याच्या बाजूची, कारण चारा रोज मलाच घालायचा असतो.

कोहा या ग्रंथालयाची नोंदणी-देवघेव सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू लिहायला घेऊन गोणींची गोष्ट का सांगत बसले, तर कोहा मला खऱ्या अर्थाने त्या महिन्यात कळलं. वापरत होते २०१७पासून. फुकट आहे म्हणून घेतलं होतं. त्याआधी एका खासगी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, संगणकाला एक निळी किल्ली खोचल्याशिवाय ते चालू होत नसे. कंपनीने फोन उचलणं बंद केलं आणि आमची मराठी शीर्षकं जुन्या फॉन्टमधल्या इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत अडकून पडली. ती सोडवायला एक उन्हाळी सुट्टी गेली. तेव्हा कोहाकडून अपेक्षा एवढीच होती की माझा डेटा माझ्या हातात राहावा आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फॉर्मात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि 'पूर्ण स्वयंचलित' असं लिहिता यावं. दोन्ही झालं. पुरात सर्व्हर पहिल्या मजल्यावर प्राचार्यांच्या केबिनशेजारी होता म्हणून वाचला. रोज रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपची प्रत माझ्या पेनड्राइव्हवरही होती. गेलेल्या पुस्तकांचे बारकोड एका फाइलीत भरून 'बॅच आयटम मॉडिफिकेशन'मधून सगळ्यांना एकदम 'लॉस्ट' केलं. चार हजार पुस्तकांचं सुतक अर्ध्या तासात उरकलं. नंतर मी काकांना चहा आणायला पाठवलं आणि एकटीच बसून राहिले.

कोहाचं मूळही सांगते, कारण नावातच सगळं आहे. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल ओलांडणार नव्हतं. त्यांनी १९९९मध्ये कटिपो कम्युनिकेशन्सकडून नवीन लिहून घेतलं, २०००च्या जानेवारीत वापरात आणलं आणि जीपीएल परवान्याखाली जगाला मोकळं करून दिलं. कोहा हा माओरी शब्द. त्याचा अर्थ भेट असा सांगतात, पण नुसती भेट नाही, ज्यात देवाणघेवाण गृहीत आहे अशी भेट. मराठीत त्याला शब्द शोधावा लागत नाही. आहेर! आपण आहेर घेतो तेव्हा मांडवात एक मावशी वही घेऊन बसलेली असते. कोणी काय दिलं, कारण उद्या त्यांच्याकडच्या कार्यात तसंच परत करायचं. कोहाची ती वही म्हणजे त्यांचं बगझिला, चुका आणि नवी कामं नोंदवायची त्यांची वेबसाइट.

एखाद्याने नवं मॉड्यूल लिहिलं आणि म्हणाला, घ्या, दिलं तुम्हाला, तर कोहावाले ते तसंच घेत नाहीत. आधी बगझिलात नोंद. काम जोडलं की स्थिती होते 'नीड्स साइनऑफ'. म्हणजे लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी ते स्वतः चालवून बघायचं, ठीक वाटलं तर नावानिशी सही करायची. मग 'साइन्ड ऑफ'. त्यानंतर क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या टीममधलं कोणीतरी कोड वाचतं: चाचण्या लिहिल्यात का, भाषांतर करता येईल अशी वाक्यं आहेत का, डेटाबेसमध्ये केलेला बदल जुन्या ग्रंथालयांना जड जाणार नाही ना. पार पडलं तर 'पास्ड क्यूए', आणि शेवटी त्या सहामाहीचा रिलीज मॅनेजर ते मुख्य शाखेत घेतो. लिहिणारा, सही करणारा आणि क्यूए करणारा हे तिघंही एकाच संस्थेचे नसावेत असा पायंडा आहे. पैसे देऊन काम करून घेणाऱ्या मोठ्या ग्रंथालयाचं मॉड्यूलही याच रांगेत उभं राहतं. दाखल क्रमांक पाडण्याआधी तीन जणांनी गोणी उपसायची, थोडक्यात.

हे मी लांबून ऐकून सांगत नाही. या रांगेत मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे.

पहिली बाजू सही करणाऱ्याची. त्यासाठी पर्ल, म्हणजे कोहा जिच्यात लिहिलंय ती प्रोग्रामिंगची भाषा, यावी लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. सँडबॉक्स नावाची सोय आहे. वेबपानावर बग क्रमांक टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि तो बदल घातलेलं आख्खं कोहा तुमच्यापुढे तयार होऊन येतं. वापरकर्ता कोहा, पासवर्डही कोहा. नोंदीत 'टेस्ट प्लॅन' लिहिलेला असतो, पाककृतीसारखा: एक, पॅच (म्हणजे कोडमधला तो बदल) लावा. दोन, अमुक सभासदाला पुस्तक द्या. तीन, परतीच्या पडद्यावर जा. चार, तमुक संदेश दिसतो का बघा. मी एका रविवारी दुपारी पहिल्यांदा बसले. बदल क्षुल्लक होता, सभासदाच्या पानावरच्या एका रकान्याचा. टेस्ट प्लॅनप्रमाणे सगळं बरोबर आलं. सही करणार तेवढ्यात वाटलं, आपल्याकडच्यासारखं नाव टाकून बघू. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सगळं देवनागरीत, शिवाय जोडाक्षरांचं. रकाना फुगून शेजारच्या बटणावर चढला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तसं लिहिलं, सोबत पडद्याचा फोटो. दोन दिवसांनी सुधारलेला पॅच आला, मी पुन्हा चालवला आणि मग सही केली. पुढच्या आवृत्तीच्या निवेदनात, पॅच तपासणाऱ्यांचे आभार मानतात त्या यादीत माझं नाव होतं. मी ते पान छापून नॅकच्या फाइलीत लावलं आहे. प्राचार्य सरांनी विचारलं, "यात आपल्याला काय मिळालं?" मी म्हटलं, आहेर फेडला.

दुसरी बाजू देणाऱ्याची, आणि तिथे आमची फजिती झाली. आमचाच एक माजी विद्यार्थी, त्याला इथे ओंकार म्हणू, पुण्यात नोकरीला आहे. त्याने आमच्यासाठी येण्याजाण्याची नोंद ठेवणारं मॉड्यूल केलं. दारात बारकोड स्कॅनर, मुलांनी ओळखपत्र दाखवायचं, पडद्यावर फोटो येतो, वेळ नोंदते, महिन्याच्या शेवटी तक्ता निघतो. नॅकला रोजची वाचकसंख्या लागतेच. चाललं झकास. शेजारच्या दोन कॉलेजांनी मागून नेलं. ओंकारला स्फुरण चढलं. "मॅडम, हे आपण कोहालाच देऊन टाकू. जगभर चालेल."

"तू देशील रे. सांभाळणार कोण?"

"त्यात काय सांभाळायचंय? चालतंय की."

बगझिलात नोंद केली, पॅच जोडला. काही आठवडे कोणी फिरकलं नाही. जगात काय घाई होती म्हणा. मग प्रश्न येऊ लागले, आणि एकेक प्रश्न वाचताना माझी मान खाली जात गेली, कारण नेमके हेच प्रश्न मी गोणी आणणाऱ्यांना विचारले होते. वेळ लिहिण्याची पद्धत कोडमध्येच पक्की बसवली होती, दुसऱ्या देशाचं ग्रंथालय काय करेल? 'आत' आणि 'बाहेर' ही बटणं सरळ मराठीत टंकलेली, भाषांतराच्या यंत्रणेतून न जाता. चाचणी एकही नाही. विद्यार्थ्याच्या येण्याजाण्याची नोंद किती दिवस ठेवायची, कोणाला दिसणार, ती पुसायची सोय कुठे आहे? शेवटचा प्रश्न तर आमच्या डोक्यातही आला नव्हता. आम्ही तीन वर्षांच्या नोंदी साठवून बसलो होतो आणि कुठला मुलगा किती वाजता कोणाबरोबर ग्रंथालयात होता हे काउंटरवरच्या कोणालाही बघता येत होतं.

ओंकारने उत्साहाने निम्मी दुरुस्ती केली. मग त्याच्या कंपनीत काम वाढलं. तोवर खालचं कोहा पुढे गेलं आणि नोंदीवर ती सुप्रसिद्ध पाटी लागली: 'पॅच डझन्ट अप्लाय'. म्हणजे तुमचा कपडा ज्या मापाने शिवला होता तो माणूसच आता जाड झालाय. कोणी हाकललं नाही, कोणी टाकून बोललं नाही. एकाने सुचवलं की हे प्लगइन म्हणून चांगलं राहील.

प्लगइनची व्यवस्था २०१३च्या आसपास, ३.१२ आवृत्तीत आली आणि माझ्या मते कोहाची ती सगळ्यात शहाणी वाटणी आहे. तुमचं मॉड्यूल एका केपीझेड फाइलीत बांधा, ज्याला हवं त्याने आपल्या कोहात चढवावं, मुख्य घराला हात लागत नाही. आमच्या भाषेत, दाखल क्रमांक न पाडता वेगळ्या कपाटात ठेवलेली पुस्तकं. हवी त्याने वाचावी, पडताळणीत आमची जबाबदारी नाही. अर्थात धोका वापरणाऱ्याच्या माथी येतो. प्लगइनला तुमच्या सभासदांचा सगळा डेटा मोकळा असतो, म्हणून मूळ जोडणीत ही सोय बंद ठेवलेली असते आणि ती सुरू करायला सर्व्हरवरच्या कोहा-कॉन्फ फाइलीत हात घालावा लागतो. ज्या ग्रंथपालाकडे सर्व्हरचा पासवर्ड नाही, फक्त 'आयटीवाले सर' आहेत, त्याचं इथे अडतं. तसे खूप आहेत.

रांगेचा त्रासही लिहायला हवा. 'रिकॉल्स'चं उदाहरण घ्या. एकाने नेलेलं पुस्तक दुसऱ्याला तातडीने हवं असेल तर पहिल्याला लवकर परत करायला सांगायची सोय. त्याची नोंद २०१७ची आहे आणि ते आत आलं २२.०५ आवृत्तीत, म्हणजे २०२२च्या मे महिन्यात. जवळजवळ पाच वर्षं! कारण समजतं. इश्यू, रिझर्व, दंड, नोटिसा, सगळ्याला त्याचा हात लागतो आणि यातलं एक बिघडलं तर सोमवारी सकाळी जगभरच्या काउंटरांवर भांडणं लागतील. तरी पाच वर्षं म्हणजे आमच्याकडे पहिलीत आलेलं पोर पाचवी पास होतं. तपासून सही करणारे हात कमी आणि लिहिणारे जास्त, ही खरी गोम आहे. सही व्हायची किती कामं पडून आहेत ते त्यांच्या डॅशबोर्डवर कोणालाही दिसतं, ते लपवत नाहीत, पण उघड्यावर ठेवल्याने रांग सरकत नाही. भारतात कोहा वापरणाऱ्या ग्रंथालयांना तोटा नाही. त्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एक रविवार दिला तर बरंच होईल. आम्ही कार्यशाळा घेतो, प्रमाणपत्रं वाटतो, हारतुरे करतो, सही मात्र करत नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं आम्हाला छान जमतं, आणि यात २०१७ ते २०२१ची मीसुद्धा आले.

(रिकॉल्स आमच्याकडे सुरू केलं. विद्यार्थ्यांकडून पुस्तकं येतात. विभागप्रमुखांकडून येत नाहीत. त्यावर अजून कुठल्याच देशात पॅच निघालेला नाही.)

आत घेतलेली मॉड्यूलंही ते तुमच्या अंगावर टाकत नाहीत, हे मला फार आवडतं. २२.११मध्ये ई-साधनांच्या व्यवस्थापनाचं भलंमोठं ईआरएम मॉड्यूल आलं. करार, पॅकेज, कुठलं नियतकालिक कोणत्या वर्षापासून, असं सगळं त्यात ठेवता येतं. विद्यापीठांना ते हवंच असणार. माझ्याकडे ई-साधनं म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं-नियतकालिकं पुरवणारी एन-लिस्ट योजना, संपलं. मी आवृत्ती बदलली तेव्हा मेनूत एक ओळसुद्धा वाढली नव्हती. सिस्टिम प्रेफरन्समध्ये 'ईआरएममॉड्यूल' बंद, विषय मिटला. घरपोच सेवेचं, अभ्यासक्रमासाठी राखीव पुस्तकांचं, सगळ्यांना अशीच खिट्टी आहे. तरी बंद खोलीचाही केर काढावा लागतोच. मे आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा नवी आवृत्ती, आणि प्रत्येक वेळी त्या बंद मॉड्यूलच्या चाचण्याही कोणीतरी चालवतं, त्याची वाक्यंही कोणीतरी मराठीत आणायची असतात, हस्तपुस्तिकेतलं प्रकरणही सांभाळायचं असतं. भाषांतरात मी थोडा हातभार लावते, तेव्हा हा बोजा डोळ्यांना दिसतो. नवं मॉड्यूल आलं की यादी लांबलचक वाढते, आणि मराठीवाले आम्ही मोजकेच.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण डेबियन किंवा उबुंटू लिनक्स चालवता येणारा माणूस हवा आणि चांगला यूपीएस हवा. आमचं साध्या आय-थ्री मशिनवर ८ जीबी रॅममध्ये चालतं, एकतीस हजार पुस्तकांना पुरतं. मार्कचा, म्हणजे ग्रंथनोंदीच्या आंतरराष्ट्रीय साच्याचा, नोंदणी फॉर्म पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, तेव्हा आपल्याला लागतात तेवढेच वीसेक रकाने ठेवून चौकट बनवून घ्या, बाकी लपवा. गावातल्या दोन हजार पुस्तकांच्या वाचनालयाला मी कोहा सुचवणार नाही, ते लग्नाच्या मांडवात ट्रॅक्टर आणल्यासारखं होईल. महाविद्यालयाला, जिल्ह्याच्या अ वर्ग ग्रंथालयाला डोळे झाकून सुचवेन. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण रांगेसाठी कापला आहे. रांग मोडून मॉड्यूलं आत घ्यायला लागले तर आणखी दोन कापेन.

ओंकारने शेवटी केपीझेड बांधून दिलं. मी बटणं भाषांतराच्या यंत्रणेतून आणायला लावली आणि नोंदी एका वर्षानंतर पुसल्या जातील अशी सोयही करवून घेतली. दीड वर्ष छान चाललं. यंदा आम्ही २४.११वर गेलो आणि प्लगइनने मान टाकली. देवघेव, शोध, दंड, सगळं चालू, फक्त दारातला पडदा पांढरा. काकांनी एक शब्द न बोलता कपाटावरून जुनं येण्याजाण्याचं रजिस्टर खाली काढलं, धूळ झटकली आणि दोऱ्याने पेन बांधून टेबलावर ठेवलं. ओंकारला फोन केला. गणपतीला गावी येतोय, तेव्हा बघतो म्हणालाय.